अण्णाशेठला चहा

प्रिय दादा,

तुम्ही गेलात, आणि उद्या तुमचं पुण्यानुमोदन. सकाळी मंडळातून फोन आला, अण्णाशेठ स्वतः येताहेत, दोन शब्द बोलतील, आईला शाल देतील. मी म्हणाले, या, चहालाच या. म्हणून हे पत्र. नाहीतर म्हणाल, पोरगी बापाला न विचारता भांडायला उठली.

मंडळाचा तो कार्यक्रम आठवतो ना? म्हाताऱ्या माणसांच्या आणि माजी सैनिकांच्या मनातल्या इच्छा पुरवायच्या म्हणे. कुणी तिरुपती मागितलं, कुणी विमान. तुम्ही माइक धरून अध्यक्षांकडेच वळलात. "अण्णाशेठ, मला कायबी नगं. एकडाव माझ्या घरी चहाला या."

टाळ्या पडल्या. तो हसत म्हणाला, "येतो की सुभेदार, त्यात काय हाय?"

त्यात काय होतं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. पहिल्या सुट्टीला तुम्ही वर्दीतच अहमदपूरकडच्या फाट्यावर उतरलात, तेव्हा हॉटेलच्या गल्ल्यावर तोच बसला होता. आपल्या वस्तीचा कप वेगळा, बाहेर कोनाड्यात. चहा पिऊन आपणच विसळायचा आणि परत तिथेच ठेवायचा. तुम्ही विसळलात, पण ठेवला नाहीत. पेटीत घालून घरी आणलात. पुढे कधीतरी कपाचा कान तुटला. लहानपणापासून मी त्यात तुमचा दाढीचा ब्रश पाहिला, पण तो कप कुठला हे तुम्ही मला नोकरी लागल्यावर सांगितलंत. इतकी वर्षं गप्प कसे राहिलात?

आणि त्याच माणसासाठी तुम्ही लातूरहून सोनेरी काठाचा नवा सेट आणलात! त्याचा मला अजून राग येतो. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात खुर्ची टाकून बसायचात. तो आला नाही. त्यानं विमानाचं तिकीट पाठवलं. नांदेडला तुमच्या गळ्यात हार घालून फोटो काढला आणि खाली छापलं, 'इच्छापूर्ती'. घरी येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "खिडकीतून काय दिसलं न्हाई बाई, नुसते ढग."

आई म्हणते, "दुखवट्याच्या घरात भांडू न्हाई. नव्या कपात दे त्याला." तुम्हीही हेच म्हणाला असतात. दादा, तुमचं मन मोठं होतं. माझं तेवढं नाही, आणि उद्यापुरतं तरी मला ते होऊ द्यायचं नाही.

तेव्हा शब्द देते. शाल आपण घेणार नाही. सोनेरी काठाचे कप बाकी सगळ्यांना. त्याला तुमचा कप. ब्रश काढून स्वच्छ घासून ठेवलाय. साखर नीट घालीन, आवाज चढवणार नाही. फक्त हातात देण्याआधी, कप कुठला ते चारचौघांत सांगीन.

आणि पिऊन झाला की अंगणातला नळ दाखवीन. विसळायचाही त्यानंच.

जयभीम.

तुमची,
सुनीता