न चढलेल्या टेकडीचा मानकरी

लिल्लेविक,
मंगळवार, सप्टेंबरचा तिसरा आठवडा

तीर्थरूप बोर्गहिल्डताईंना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या, आस्लॉगच्या, नवऱ्याचा, म्हणजे ऑडवारचा, आदरपूर्वक नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? आणि उजवा गुडघा? मांजर घरी परतली की अजून शेजाऱ्यांच्याच सोफ्यावर मुक्काम ठोकून आहे? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. माझं रक्त, साखर, दाब सगळं खुशाल आहे, फक्त मी खुशाल नाही. मला कालपासून धक्का बसलेला आहे. इतका, की कॉफीत साखर घातली की नाही तेच आठवत नाही आणि म्हणून मी ती पुन्हा घालतो (डॉक्टरांनी मना केली आहे, तेव्हा हे आस्लॉगला कळवू नये). हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण आमचा फोन स्वयंपाकघरात आणि आस्लॉगही स्वयंपाकघरात. सत्तर वर्षांच्या माणसाला स्वतःच्या घरात कुजबुजायला जागा उरत नाही, ताई.

तर काल सोमवारी मी दुकानात तपकिरी चीज आणायला गेलो. दाराशी जो फळा असतो (हरवलेले हातमोजे, विकाऊ होड्या, चर्चमधला कॉफीचा कार्यक्रम), त्यावर आमच्या टेकडी मंडळाची वर्षाची यादी लागली होती. तुमचं गाव सपाट, म्हणून सांगतो. आमच्या हाउकोस टेकडीच्या माथ्यावर एक लोखंडी पेटी आहे. पेटीत वही, वहीला दोरीने बांधलेलं पेन. जो चढून येईल त्याने तारीख घालून आपलं नाव लिहायचं, वाटलं तर बाजूला दोन शब्द. वर्षात जो सर्वांत जास्त वेळा येईल त्याला मंडळ एक मग देतं, टेकडीचं चित्र असलेला. साधा कॉफीचा मग, पण या गावात लोक त्यातून कॉफी पीत नाहीत, खिडकीत ठेवतात. वर पाहायला कुणीच नसतं, आणि म्हणूनच त्या वहीत कुणी खोटं लिहीत नाही. आमची माणसं माशाच्या लांबीबद्दल खोटं बोलतील, तब्येतीबद्दल तर रोजच बोलतात, पण वहीत नाही. मागे एकाने गंमत म्हणून आपल्या सासूचं नाव लिहिलं होतं, तर त्याला पुढची दोन वर्षं कुणी होडी ओढायला हात दिला नाही.

त्या यादीत पहिल्या नंबरावर दोन नावं होती. आस्लॉग, शंभर वेळा. ऑडवार, शंभर वेळा. दोघांना मिळून सत्कार, येत्या रविवारी, टेकडीच्या माथ्यावर, सर्वांसमोर.

ताई, मी त्या टेकडीवर या वर्षी एकदाही गेलेलो नाही.

मी यादी तीनदा वाचली. गावात दुसरा ऑडवार होता, पण तो दोन हिवाळ्यांपूर्वीच वारला, तेव्हा त्याच्यावरही संशय घेता येईना. तेवढ्यात मागून गुडवाइगबाई आल्या. या आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि मंडळाच्या अध्यक्षा, वय एक्क्याऐंशी, चाल अशी की कुत्र्यांना दम लागतो. त्यांनी माझा हात धरून गदागदा हलवला. मी कधी कुणाला वाटेत दिसलोसुद्धा नाही आणि शंभर वेळा चढलो, याला म्हणतात नम्रपणा, असं त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की चीजच्या काउंटरपर्यंत ऐकू गेलं. मी मूग गिळून उभा राहिलो. त्यालाही त्या नम्रपणाच म्हणाल्या.

आता तुम्ही विचाराल की मग वर्षभर मी करत काय होतो. ते सांगायलाच हवं, कारण त्यात माझाही हात स्वच्छ नाही. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या बोळात घड्याळ लावून चालवलं आणि सांगितलं की माझी चाल चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाची आहे. फेरीबोटीवर छत्तीस वर्षं तिकिटं फाडणाऱ्या माणसाला चालायचं कशाला, बोटच चालत होती की. पण डॉक्टर तरुण आणि निर्दयी. रोज आठ हजार पावलं, आणि तीही वेगाने. वेग किती, तर चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये इतका. (मी कुठल्याच वेगाला फारसं बोलत नाही आणि गाणं तर लग्नानंतर सोडलं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, का ते माहीत नाही.) मग आमच्या मुलीने, मारितने, मनगटावर बांधायचं पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं आणि आस्लॉगने बूट घातले.

चाळीस वर्षं रविवारी आम्ही फिरायला जायचो तेव्हा मी दहा पावलं पुढे आणि ती मागे, हे तुम्ही पाहिलेलंच आहे. एप्रिलमध्ये पहिल्याच दिवशी ती पुढे गेली. मला वाटलं, चुकून. पण ती पुढेच राहिली, आणि पहिल्या वळणावर कंबरेवर हात ठेवून माझी वाट बघत थांबली. दुसऱ्या वळणावरही थांबली. नुसती धुक्याकडे बघत राहिली, म्हणजे मला लाज वाटू नये. ताई, कुणी आपल्यासाठी थांबावं आणि तेही इतक्या मायेने, हे मला सहन होईना. तिसऱ्या वळणावर मी म्हणालो, तू हो पुढे, मी माझ्या चालीने येतो. ती गेली. तिची पाठ झाडांत दिसेनाशी झाल्यावर मी वळलो आणि खाली होडीघरात येऊन बसलो. नुसतं बसून काय करायचं म्हणून होडी काढली आणि थोडी वल्ही मारली. घरी येऊन घड्याळ पाहतो तर नऊ हजार पावलं.

त्या यंत्राला वल्ह्यातला आणि पावलातला फरक कळत नाही. हात हलला की झालं. (वाफल्सचं पीठ घोटलं तर चारशे मिळतात, हेही मी शोधून काढलं.) तेव्हापासून पावसाचे दिवस सोडले तर रोजचा नेम ठरला. सकाळी दहाला दोघं बरोबर निघायचं, तिसऱ्या वळणावर मी म्हणायचं, तू हो पुढे. ती टेकडीवर, मी पाण्यात. संध्याकाळी मी मनगट पुढे करायचं, ती आकडा बघून म्हणायची, छान. मारितला कळवायची, मारित डॉक्टरांना कळवायची, डॉक्टर खूश. एकदा जरा जोर केला तर चौदा हजार झाली आणि डॉक्टरांनी निरोप धाडला की या वयात इतकं चालू नका. पाच महिने मी बसल्या जागी गावातला सर्वांत जास्त चालणारा माणूस होतो.

म्हणून कालची यादी पाहून माझ्या पायाखालची जमीन सरकली. लबाडी माझी होती, ती मनगटावर होती, ती वहीत कशी पोचली? कुणीतरी माझ्या नावाने खोटी सही करत होतं. आज दुपारी होडी डांबरायला जातो असं सांगून मी चोर पकडायला टेकडीवर निघालो.

पायथ्याच्या पाटीवर लिहिलंय, चाळीस मिनिटं. मला एक तास पन्नास मिनिटं लागली. वाटेत बालवाडीची मुलं भेटली, पिवळी जाकिटं घातलेली, दोरीला धरून ओळीने. ती मला मागे टाकून वर गेली, वर बसून डबे खाल्ले, आणि मी अजून चौथ्या वळणावर असताना गाणं म्हणत खाली आली. (गाता येत होतं, म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबाने ती हळू चालत होती.) त्यांची बाई म्हणाली, आजोबा, सावकाश या हं. मी त्यांना वाट दिली आणि एका दगडावर बसून इकडचा तिकडचा खूप विचार केला, मुख्यतः मृत्यूचा.

वर पोचलो, पेटी उघडली, वही काढली. ताई, अक्षर आस्लॉगचं होतं.

मी तिथेच खाली बसलो. दुकानदाराने पिशवीत एक लिंबू जास्त टाकलं म्हणून पावसात दोन मैल परत जाणारी ही बाई. शंभर वेळा. प्रत्येक तारखेला तिचं नाव, त्याखाली माझं, आणि बाजूला दोन शब्द. एप्रिलमध्ये: धुकं, दोघंही दमलो. मेमध्ये: ऑडवारचा गुडघा आज बरा. एका ठिकाणी तर, ऑडवार आज वर येऊन गायला. स्वतःच्या आयुष्याबद्दल इतकी माहिती मला कधीच नव्हती. मग जूनपासून मला काही कळेना. पाणी शांत, ऑडवार लांबवर गेला. वारा उलटा, ऑडवारला परतायला त्रास झाला. टेकडीच्या वहीत पाण्याचं काय काम, म्हणून मी मान वर केली.

माथ्यावर एक बाक आहे, तो खाडीकडे तोंड करून आहे. त्या बाकावरून आमचं होडीघर तळहातावर ठेवल्यासारखं दिसतं. होडी लाल आहे. ती लाल मीच रंगवली, लांबून दिसावी म्हणून.

म्हणजे निदान जूनपासून रोज ती तिथे बसून मला बघत होती. आणि रोज संध्याकाळी माझं मनगट बघून छान म्हणत होती. मला रागवायचं होतं, पण कशावर रागवायचं ते सापडेना. मग चौदा जूनचं पान उघडलं. त्या दिवशी आमच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. मी संध्याकाळी केक आणला होता, विसरलो नव्हतो. पण सकाळी तिसऱ्या वळणावर रोजच्यासारखंच म्हणालो होतो, तू हो पुढे. तिथे तिने लिहिलं होतं: एक्केचाळीस वर्षं. दोघंही आलो. मला फार वाईट वाटलं, ताई. इतकं वाईट मला फेरीबोट बंद झाली तेव्हाही वाटलं नव्हतं. त्या बाकावर एकटीने बसून तिने डबा उघडला असेल, हे सारखं डोळ्यांसमोर येतं.

मी पेन हातात घेतलं. निदान एकदा तरी खरी सही करावी. पण आजच्या तारखेला सकाळीच तिने माझं नाव लिहून ठेवलेलं होतं. वर लिहायला काही उरलंच नव्हतं. वही पेटीत ठेवली आणि उतरलो. उतरायलाही दीड तास लागला.

रविवारी तो मग घ्यायला मी लोकांबरोबर वर जाईनच, दोन तास लागले तरी. गुडवाइगबाई त्यालाही काहीतरी चांगलं नाव देतील. त्या मगाचं मला काही वाटत नाही. प्रकृतीला जपा, कंबर शेकत जा, मांजरीला माझा नमस्कार.

आपला,
ऑडवार

ता. क. — खरं काम लिहायचं राहिलं. येत्या शनिवारी सकाळी बरोबर नऊला आस्लॉगला फोन करा आणि सव्वादहापर्यंत ठेवू नका. कंबरेचं सांगा, मांजरीचं सांगा, काहीही सांगा. तिला बूट घालायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि टेकडी ती पस्तीस मिनिटांत चढते, मला एक तास पन्नास लागतात. तिने फोन उचलला की मी मागच्या दाराने निघेन. ती वर येईल तेव्हा मला त्या बाकावर आधीच बसलेलं असायचं आहे, निदान पाच मिनिटं आधी, म्हणजे दम लागलेला दिसणार नाही. लोकांसमोर वर जाण्याआधी मला एकदा तिच्यासमोर वर असायचं आहे. तेवढंच.

आणखी ता. क. — पाय इतके भरून आलेत की जिना उतरवत नाही. पाकीट बंद करून तिकीट लावायला आस्लॉगकडेच देतो आहे. काळजी नसावी, दुसऱ्याचं पत्र ती कधीच वाचत नाही.

शेवटचं ता. क. (माझं, आस्लॉगचं) — ताई, वाचलं. पहिल्या दिवशी तो मागून येतोच आहे अशा समजुतीने त्याचं नाव लिहिलं. तो आला नाही, पण पेनाने लिहिलेलं त्या वहीत कुणी खोडत नाही. दुसऱ्या दिवशी एकटीचं लिहायला हात वळेना. रविवारी गुडवाइगबाईंना खरं सांगून तो मग परत करणार आहे, त्याची तू काळजी करू नकोस. शनिवारी फोन मात्र नक्की कर आणि मांजरीचं सगळं सांग, म्हणजे तो निघेल. सव्वादहाला ठेव. तरीही तो सहाव्या वळणावरच असेल, मला माहीत आहे. मी मागून गाता येईल इतक्या हळू येईन.