गिरणीचा भोंगा झाला नाही त्या दिवशी

सोलापूर,
२२ जानेवारी १९३६

प्रिय वेणू,

अनेक आशीर्वाद. अक्षर पाहून दचकू नकोस, मीच आहे, तुझी गोदाअक्का. तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. वकिली सोडून तू टपालाचं विमान चालवायला गेलास तेव्हा मीच चारचौघांत म्हणाले होते की याच्या डोक्यात हवा गेलीय, आता याचा पाय जमिनीला लागायचा नाही. तू उलटून बोलला नाहीस. उलट आप्पांना लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली 'अक्काला नमस्कार' लिहीत राहिलास. आप्पांना हल्ली दिसत नाही, पत्रं मीच वाचून दाखवते. म्हणजे तो नमस्कार दर वेळी माझ्याच तोंडून. किती चिवट आहेस रे बाबा!

परवाचं पत्रही मीच वाचलं. सोमवारी तुझी चौकशी आहे. किंक्रांतीला इथं टक्कर चुकवताना टपाल पाच तास उशिरा पोचलं, विमानाचं चाक मोडलं, आणि गड्ड्याच्या जत्रेत लोकांना फिरवून आणणाऱ्या त्या लहान विमानाचा वैमानिक लिहून देतोय की तो तुझ्यापासून अर्धा मैल लांब होता, तू उगाच घाबरलास. खालच्या लोकांना अंतर काय कळणार! वर तिसरं माणूस एकच होतं, त्याच्या विमानात बसलेली बाई. तिच्या तिकिटाच्या चिठ्ठीवर 'सिद्धम्मा मल्लप्पा, अक्कलकोट' एवढंच आहे, आणि अक्कलकोटात अशी कोणी सापडत नाही. साक्षीदार नाही, नोकरी जाईल, असं तू लिहिलंस. ते ऐकून आप्पा ताटावरून तसेच उठले.

मुंबईला बसून तुम्हा लोकांना कळलं नसेल, चूक कुठे झाली ते. मैदानाचा राखणदार तिप्पण्णा, त्याच्याकडे घड्याळ नाही. गिरणीचा नऊचा भोंगा झाला की त्यानं लाल निशाण चढवायचं. निशाण चढलं की लहान विमानानं जमिनीवरच थांबायचं, टपालाचं विमान येऊन गेल्यावरच उडायचं. सगळं सोलापूर भोंग्यावर उठतं नि भोंग्यावर जेवतं, तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण किंक्रांतीला गड्ड्यासाठी गिरणी बंद! भोंगा नाही, म्हणून निशाण नाही, आणि निशाण नाही म्हणून ते लहान विमान खुशाल उडालं. एवढी शिकलीसवरलेली माणसं, एकाच्याही हे ध्यानात येऊ नये! काल तिप्पण्णाकडे गेले होते. बिचारा रडकुंडीला आलाय. "भोंगाच न्हाय झाला की वो बाई, निशाण कशावर लावू? माझ्यामुळं त्या पोराची भाकरी जाती काय?" म्हणाला. मी म्हटलं, नाही जाणार.

तू विमान वर ओढून वळवलंस, फिरून आलास, तोवर जत्रेतली माणसं ओरडत मैदानात शिरली होती. त्यांच्यावर उतरण्यापेक्षा तू शेजारच्या शाळूच्या रानात उतरलास. चाक मोडलं तर मोडलं. शेतकरी रुद्रप्पा इतका शाळू आडवा होऊनही तक्रार करत नाही. म्हणतो, कणसं पुन्हा येतील. शिवाय आता गावातून एक घड्याळ तिप्पण्णाला मिळालंय. गिरणी चालो न चालो, निशाण वेळेवर चढेल.

आता जे सांगायला बसले ते सांगते, आणि तू हसायचं नाहीस. ती सिद्धम्मा मी. डोक्यावरून पदर ओढून, मी शिकवते त्या शाळेतल्या कोणी ओळखू नये म्हणून दुसऱ्याच नावानं, तेही किंक्रांतीला, बसले त्या विमानात. माझ्या भावाला वर असं काय दिसतं ते एकदा बघायचं होतं. सिद्धेश्वराचं तळं दिसलं, आपली आळी दिसली, इतकं छान वाटलं की मी मोठ्यानं हसले रे! आणि समोर तू. कसला अर्धा मैल! तुझ्या चाकांना लागलेला वाळका चिखल मला दिसला. चष्म्याखाली तुझं तोंड दिसलं, पतंग काटताना ओठ दाबायचास तसे दाबलेले. मी ओरडले, "वेणू!" तुला कुठलं ऐकू येणार! तू वळलास आणि मी वाचले. खाली उतरल्यावर तोंड लपवून घरी पळाले, आणि आठवडाभर गप्प बसले, शाळेच्या भीतीनं, आप्पांच्या भीतीनं, आणि खरं सांगायचं तर माझ्या तीन वर्षांच्या तोऱ्यामुळे. त्याबद्दल मला माफ कर. काल आप्पांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग जा की." शनिवारच्या गाडीनं निघते. सोमवारी चौकशीत माझ्या खऱ्या नावानं उभी राहीन, मग शाळेनं ठेवो नाहीतर काढो. स्टेशनवर घ्यायला ये, मला मुंबईतलं काही कळत नाही.

तुझ्यामुळे जिवंत असलेली, तुझीच,
गोदाअक्का