आक्काची आवड

आण्णा,

तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. खव्याचं काम आतून यावं लागतं, शिकवून येत नाही, असं तुम्ही भट्टीवर येईल त्याला सांगायचात आणि पुरावा म्हणून आक्काकडं बोट दाखवायचात. "ही चार वर्षांची असल्यापासनं कढईपाशी हुबी ऱ्हाती. हिला लई आवड हाय, उपजतच." मग माझ्याकडं बघून म्हणायचात, "ह्याच्यात ते न्हाय. ह्याला शाळा शिकू द्या."

सातवीनंतर तिची शाळा बंद केलीत. मास्तर घरी आले, पोरगी हुशार आहे म्हणाले. तुम्ही त्यांच्या हातावर गरम खवा ठेवलात. "बघा हिचा हात. शाळा आणखी काय देणार?" आक्का दाराआड उभी होती. तिचं दप्तर मला मिळालं. पुढं सासरहून दोन वर्षांत परत आली, ती पुन्हा कढईवरच.

आठ वर्षांपूर्वी तिला दम लागायला लागला आणि नोकरी न मिळालेला मी भट्टीवर आलो. गेल्या हिवाळ्यात तिला धाराशिवला दवाखान्यात ठेवलं. धुरानं फुप्फुसं गेलीत, डॉक्टर म्हणाले. उशाशी बसून मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "तुला पहिल्यापासनंच आवड होती ना ह्याची."

ती हसली, खोकली. "कसली आवड रं? थंडी वाजायची मला. तिथं ऊब असायची. आन् आण्णा जवळ असायचे."

"मग त्यांना सांगितलं का न्हाईस?"

"किती खूश व्हायचे ते. कसं सांगू?"

आठवड्यानं ती गेली, आण्णा.

तुमचं चुकलं, एवढंच लिहायला बसलो होतो. पण हा कागद कुणाला द्यायचाच नाही, तर उरलेलंही लिहितो. भट्टीवरची पहिली दोन-तीन वर्षं मला खव्याच्या वासानं मळमळायचं. कधी बदललं, कळलं नाही. आता दूध आटत येतं, उलथणं जड होतं, तेव्हा कुणी हाक मारली तरी मला उठवत नाही. येरमाळ्याचा पेढेवाला म्हणतो, रक्तातच हाय तुमच्या. मी त्याचा खवा तोलून देतो.

त्या दिवशी दवाखान्यात आक्कानं विचारलं होतं, "माझ्यापायी अडकलास. लई जड जातंय का रं तुला?"

मी म्हणालो, "व्हय."

जिच्यापायी तिचा श्वास गेला ती भट्टी मला आवडायला लागलीय, हे तिला कसं सांगायचं? खोटं बोललो.