‘पाजले’ हा शब्द चौकशी अहवालात घालण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब,
पुणे.

अर्जदार : सायरा कमरुद्दीन मुलाणी, वय ३४, दाई, सरकारी दवाखाना, मौजे भुईसरे, पेटा मुळशी, जि. पुणे.

विषय : गोजराबाई शेडगे, राहणार उरवडे, यांना चोळण्याचे औषध पाजले गेल्याबाबतचा अहवाल दुरुस्त होऊन मिळणेबाबत.

संदर्भ : १) चौकशी अहवाल (इंग्रजी), ता. २ डिसेंबर १९६१.
२) मला मिळालेला मेमो, ता. १३ डिसेंबर १९६१.

महोदय,

१. मी मराठी सातवी पास असून गेली सहा वर्षे वरील दवाखान्यात दाई म्हणून काम करीत आहे. माझ्या हातून आजवर दोनशे अकरा बाळंतपणे झाली, त्यांची नोंद आपल्याकडे आहे. हा अर्ज मी स्वतः लिहिला आहे. कोणाकडून लिहून घेतलेला नाही. भाषेत कमीजास्त झाल्यास तो दोष माझा समजावा.

२. सरकारी औषधांच्या बाटल्यांवर सारे इंग्रजीत असते. डॉक्टरसाहेब मंगळवारी व शुक्रवारी येतात, बाकीचे दिवस आम्हीच असतो. म्हणून नोकरांना इंग्रजी वाचता यावे असा हुकूम निघाला आणि जुलैपासून दर रविवारी सकाळी शाळेच्या खोलीत प्रौढांचा इंग्रजी वर्ग सुरू झाला. शिकवायला आपल्या खात्याच्या येथील कचेरीचे हेडक्लार्क श्री. वाल्मीक उभे. आम्ही शिकणारे अकरा जण. त्यांत बाई मी एकटीच. मुलांच्या बाकांवर गुडघे मावत नसत, म्हणून बाकीचे बाजूला पाय काढून बसत. मी खाली सतरंजीवर बसत असे.

३. सप्टेंबरात साहाय्यक क्रियापदे आली. कॅन, मे, मस्ट, शुड. उभेसाहेब फळ्यावर एक वाक्य लिहीत आणि आम्ही ते वीस वेळा म्हणायचे. ‘आय कॅन स्विम’ हे वाक्य आम्ही सर्वांनी वीस वेळा म्हटले. आमच्यात पोहता एकालाही येत नाही. तरी मी म्हटले, कारण मला शिकायचे होते. मस्ट म्हणजे केलेच पाहिजे आणि मस्ट नॉट म्हणजे मुळीच करता कामा नये, हे मी घरी चुलीपाशी म्हणत असे. माझे यजमान शिवणकाम करतात. ऐकून ऐकून त्यांनाही ते पाठ झाले.

४. श्री. हैबतराव मारणे हे तेव्हा आमच्याकडे मलमपट्टी करीत. वर्गाला ते दोनदाच आले. एकदा मी विचारले तेव्हा म्हणाले, “मला काय करायचंय इंग्रजी? मी बाटली रंगावरनं वळखतो. पांढरं पोटाचं, लाल खोकल्याचं.” पण हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे सगळे रविवार भरलेले आहेत. दसऱ्याच्या आधी पहिल्या तिमाहीचे दाखले निघाले. माझ्याबरोबर त्यांनाही मिळाला. त्या दाखल्यावर त्यांना कंपाउंडरची जागा मिळाली. दाखल्यावर सही श्री. उभे यांची आहे. पुढे जे घडले त्याची सुरुवात या सहीत आहे, म्हणून एवढे लिहिले.

५. बुधवार, ता. ८ नोव्हेंबर रोजी मी चांद्याला एका बाळंतिणीकडे गेले होते. तशी नोंद बाहेरगावच्या वहीत आहे. दुपारी परत आले तर ओसरीवर गोजराबाई भिंतीला टेकून बसलेल्या. वय साठीच्या पुढे. उरवड्याहून भाजी आणून आमच्या बाजारात विकणाऱ्या. त्यांचा आवाज साऱ्या बाजारात ओळखीचा होता. “वांगी घ्या, शेंगा घ्या” अशी त्यांची हाक नदीपलीकडे ऐकू जाई. गुडघे दुखतात म्हणून आदल्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी त्यांना चोळायला टर्पेंटाइनचे औषध लिहून दिले होते व बाटलीवर चिठ्ठी स्वतःच्या हाताने लावली होती. बाटली घ्यायला त्या बुधवारी आल्या होत्या.

त्या गळा धरून बसल्या होत्या. तोंडातून लाळ गळत होती. मला बघून त्यांनी बाटलीकडे बोट केले. मी बूच काढले तसा नाकात भपकारा आला. चिठ्ठी वाचली. ‘मस्ट नॉट बी टेकन बाय माउथ.’ अक्षर सुंदर, एकही डाग नाही. शेजारी औषध मोजायचा मेजरग्लास पडला होता, तळाला दुधासारखे पांढरे.

मी हैबतरावांना विचारले, “आजीला काय दिलं तुमी?”

ते म्हणाले, “लिवलंय तेच दिलं. मस्ट लिवलंय की! मस्ट म्हंजी घ्यायलाच पायजे. तुमीच घोकत व्हता न्हवं? आन औशद पांढरं हाय, म्हंजी पोटाचं. आजी म्हनली कडू लागतंय, म्हनून मीच ग्लास धरला तोंडाला.”

“त्याच्या फुडं नॉट लिवलंय, हैबतराव,” मी म्हटले.

ते बाटलीकडे बघत राहिले. मग खाली बसले.

६. उलटी काढू नये हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवले होते, म्हणून काढली नाही. तोंड धुतले, घोट घोट पाणी पाजले आणि त्यांचा मुलगा कुशाबा बाजारात होता त्याला बोलावून दोघांनी मिळून त्यांना पुण्याच्या एस.टी.त घातले. वाटेत त्या माझ्या मांडीवर होत्या. बाटली मी पदरात बांधून घेतली. इस्पितळात अकरा दिवस गेले. जीव वाचला. आवाज गेला. आता बोलतात ते कानाशी तोंड आणल्याशिवाय समजत नाही. बाजारच्या दिवशी त्या टोपली घेऊन येतात आणि गप्प बसून राहतात. शेजारची भाजीवाली ओरडते आणि गिऱ्हाईक तिच्याकडे जाते.

७. येथे एक गोष्ट हैबतरावांच्या बाजूने लिहिणे माझे कर्तव्य आहे. तिसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, “माज्या हातनं झालं. सायबास्नी सांगून टाकतो. नोकरी गेली तर जाऊ द्या, आदुगर शेती करत व्हतोच की.” ते खरेच सांगायला गेले. कचेरीतून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. म्हणाले, “उभेसायेब म्हनले, ‘झालं’ म्हनू नगंस. ‘झालं आसंल’ म्हन. बाकीचं मी बघतो.” साहेब, या जागेपासून मला किळस येऊ लागली, ती आजतागायत थांबलेली नाही.

८. चौकशी झाली. जबाब मराठीत घेतले. अहवाल श्री. उभे यांनी इंग्रजीत लिहिला. ता. २ डिसेंबरला मला बोलावून खाली सही करा म्हणाले. आधी वाचते असे मी म्हटले. त्यांना हसू आले. मी बोट ठेवून वाचले आणि वाचता वाचता ओळ न् ओळ वहीत उतरवून घेतली, तास गेला. त्यात असे आहे, मी मराठीत देते :

पेशंटने औषध चुकून घेतले असावे. चिठ्ठी नीट वाचता येण्याजोगी नसावी. पेशंटला आधीपासून घशाचा विकार असू शकेल. कंपाउंडरने योग्य सूचना दिल्या असाव्यात. दाईने त्या वेळी दवाखान्यात हजर राहायला हवे होते.

मे हॅव, माइट हॅव, कुड हॅव. दोन पानांत एकही माणूस काही करीत नाही. ग्लास कोणी धरला नाही, औषध कोणी ओतले नाही. जे मला वर्गात वीस वीस वेळा म्हणायला लावले, त्याच शब्दांनी एका म्हातारीचा गळा पुसून टाकला आहे. आणि संबंध अहवालात ‘हवे होते’ हे एकदाच आले आहे, ते माझ्यासाठी. मी त्या वेळी चांद्याला होते आणि माझ्या हातात एका मुलीचे डोके होते.

मी म्हटले, “साहेब, बाटली माझ्याजवळ आहे. चिठ्ठी स्वच्छ वाचता येते. हैबतरावांनी तुमच्यापुढं कबूल केलंय.”

ते म्हणाले, “सायराबाई, सरकारी इंग्रजी असंच असतं. कोणाच्या पोटावर पाय येत नाही. मी शिकवलं म्हणून तुम्हांला हे वाचता तरी आलं, ते लक्षात ठेवा. नाहीतर काय लिहू? ‘पाजलं’ लिहू?”

मी म्हटले, “व्हय. पाजलं असंच लिवा.”

त्यांनी कागद ओढून घेतला. मी सही केली नाही. डॉक्टरसाहेबांची सही त्यावर आधीच होती. मी त्यांना पुढच्या शुक्रवारी विचारले तेव्हा त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि आपली बदली होणार असल्याचे सांगितले.

९. मी अहवालावर सही केली नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी नेहमीप्रमाणे वर्गाला गेले, कारण मला अजून शिकायचे होते. उभेसाहेबांनी फळ्यावर नवा धडा लिहिला : झालेल्या गोष्टीविषयी मे, माइट आणि शुड कसे वापरावे. खाली उदाहरणे. ‘द पेशंट मे हॅव टेकन इट बाय मिस्टेक.’ ‘द लेबल माइट नॉट हॅव बीन क्लिअर.’ ‘द दाई शुड हॅव बीन प्रेझेंट.’ प्रत्येक वाक्य वीस वेळा.

दहा माणसे माझ्यादेखत ती वाक्ये म्हणू लागली. त्यांना अर्थ कळत होता असे मी म्हणत नाही. गेणबा शिपाई सकाळी माझ्या घरी चहा पिऊन आला होता, तोही मान हलवीत म्हणत होता. पुढच्या बाकावर हैबतराव होते. कंपाउंडर झाल्यापासून ते न चुकता येतात. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. उंबऱ्याशी उभे राहून ‘माज्या हातनं झालं’ म्हणणारा माणूस तो हाच का, असे मला वाटले. मी त्यांच्याकडे पाहिले, त्यांनीही पाहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत लाज नव्हती. साहेब, ते खोटे बोलत असते तर मला इतके वाईट वाटले नसते. त्यांना आता ते खरे वाटते. चार आठवडेही लागले नाहीत.

मला मळमळून आले. हे मी उगाच लिहीत नाही. मी बाहेर जाऊन शाळेच्या कुंपणाशी खरोखर ओकले. बाळंतपणात मी काय काय पाहते ते आपणांस ठाऊक आहे. तेथे कधी मळमळले नाही. त्यानंतर मी वर्गाला गेले नाही.

१०. मी अहवालाची ती नक्कल घेऊन उरवड्याला गेले आणि गोजराबाईंना एकेक ओळ मराठीत सांगितली. कुशाबा मध्येच उठून बाहेर गेला. म्हातारीने सगळे ऐकून घेतले. मग माझा कान ओढून तोंडाशी नेला आणि म्हणाली, “मी घेतलं न्हाई गं. मला पाजलं. लिव तसं.” मी तसे लिहिले आणि त्याखाली त्यांनी अंगठा दिला. एवढाच त्यांचा जबाब आहे. चौकशीत त्यांना कोणी विचारलेच नव्हते. बोलता येत नाही असे कारण दिले होते.

११. ता. १३ रोजी मला मेमो मिळाला. त्यात दोन आरोप आहेत. पहिला, वर्गातून न सांगता उठून गेल्याबद्दल ता. २० पर्यंत लेखी माफी मागावी, अन्यथा नोकरीबाबत विचार केला जाऊ शकेल. ‘शकेल’ या शब्दाखाली मी रेघ ओढली आहे. माफी मी मागत नाही. कोण विचार करणार आणि काय करणार, ते नाव घालून कळवावे.

१२. माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे. अहवाल मराठीत लिहावा. त्यात हैबतराव मारणे यांनी चिठ्ठी न वाचता गोजराबाईंना औषध पाजले, असे वाक्य असावे. वर्गाला न आलेल्या माणसाला श्री. उभे यांनी दाखला दिला, हेही असावे. हैबतरावांना तुरुंगात घाला असे माझे म्हणणे नाही. त्यांना बाटल्यांपासून दूर ठेवावे आणि इंग्रजी खरोखर शिकवावे, पण दुसऱ्या कोणाकडून. गोजराबाईंच्या घशावर पुढचा उपचार सरकारने करावा. माझा स्वतःचा दाखला मी सोबत परत करीत आहे. त्यावर जी सही आहे ती मला घरात नको.

१३. मेमोतील दुसरा आरोप असा की, मी घरी बेकायदा दवाखाना चालवते. त्याबाबत खुलासा : गोजराबाईंची हकिकत पंचक्रोशीत पसरल्यापासून बायका दवाखान्याची औषधे घेतात, पण घरी नेण्याआधी माझ्या दारात येतात. बाजारच्या दिवशी वीस-पंचवीस असतात. महाळुंग्याहून एक जण चालत आली होती, कडेवर मूल आणि मुठीत बाटली. मी औषध देत नाही, पैसे घेत नाही. मी चिठ्ठी वाचते आणि सांगते : हे प्यायचे, हे लावायचे, याला हात लावू नको. इंग्रजी वर्गातून मिळालेले तेवढेच मी ठेवून घेतले आहे. गेल्या बाजारी हैबतरावांची बायको, धोंडाबाई, सर्वांच्या शेवटी आली. तिने पोराच्या खोकल्याची बाटली पुढे केली. बाटली तिच्या नवऱ्यानेच दिली होती. ती म्हणाली, “जरा बघता का?” मी वाचली. औषध बरोबर होते. तसे तिला सांगितले.

हे वाचन मी पुढेही चालू ठेवणार आहे. ते बंद करावयाचे असल्यास तसा लेखी हुकूम द्यावा, मराठीत द्यावा, आणि बंद करणाऱ्याने त्यात स्वतःचे नाव लिहावे.

आपल्या खात्याची दाई,
सायरा कमरुद्दीन मुलाणी
(सही)

मुक्काम भुईसरे, ता. १८ डिसेंबर १९६१

सोबत :
१) अहवालाची नक्कल, माझ्या हाताची. दोन पाने.
२) गोजराबाई शेडगे यांचा जबाब, अंगठ्यासह. एक ओळ.
३) इंग्रजी वर्गाचा दाखला. परत.
बाटली टपालाने पाठवलेली नाही. आपण स्वतः आल्यास हातात देईन.