बाबांच्या आवाजाला कुलूप

११ मार्च, सकाळी ९.४०. जुन्या टूथब्रशने कीबोर्ड साफ करत होतो, तेव्हा ताईकडून कळले की दाजींना बाबांची रेकॉर्डिंग नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची आहेत. घशाच्या ऑपरेशनआधी ताईने बाबांकडून भाचीसाठी गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. आता बाबांचा आवाज उरला तो एवढाच. दाजी तो गावभर वाटणार. मी असताना शक्य नाही. सगळे एन्क्रिप्ट करणार, पासवर्डचे कुलूप लावणार. या घरात कॉम्प्युटर मलाच कळतो. कोर्स अर्धवट सुटला तो सरांमुळे.

१३ मार्च. सॉफ्टवेअर विकत घेतले. फुकटच्या वस्तूवर माझा विश्वास नाही. डेस्कटॉपवरचे रेकॉर्डिंगचे बाणवाले आयकॉन उचलून सॉफ्टवेअरच्या कुलूपबंद पेटीत टाकले. एक लावून पाहिले, बाबा स्वच्छ बोलले. इतक्या गोष्टी, आणि पेटीचा आकार एका पासपोर्ट फोटोच्या फाइलपेक्षाही कमी! पैसे वसूल.

१४ मार्च. डेस्कटॉपवरची मूळ रेकॉर्डिंग पुसली. क्षणात गेली. मग दुसऱ्या ड्राइव्हवर त्याच नावांची आणखी सापडली! दाजींनी गुपचूप केलेली कॉपी, दुसरे काय. नुसते डिलीट करणे म्हणजे दार लोटून घेणे. मी प्रत्येक फाइलवर सात वेळा कचरा लिहवून ती पुसली. ही चांगलीच जड निघाली, दुपार गेली. ताईला फोनमधलीही पुसायला लावली. ती का-कू करत होती. माझ्यावर विश्वास नाही का, असे विचारल्यावर पुसली.

१९ मार्च. भाचीला आजोबांची गोष्ट हवी होती. सगळे जमले. पासवर्ड पहिल्या फटक्यात बरोबर. मात्र 'फाइल सापडत नाही' असे येऊ लागले. प्रत्येकीला तेच. दाजी वाकून बघत म्हणाले, "अरे, हे नुसते शॉर्टकट आहेत. फाइल कुठे आहे याची पाटी फक्त. मूळ फाइल कुठे ठेवल्यास?" मी व्हायरसची शक्यता बोलून दाखवली.

२२ मार्च. डेटा परत काढून देणाऱ्याकडे ताईबरोबर गेलो. काहीच निघणार नाही म्हणाला. पुसणाऱ्याने अगदी मन लावून पुसलंय, असेही म्हणाला. माझ्या कामाबद्दल इतके चांगले आजवर कोणी बोलले नव्हते. ताईसमोर बोलायला नको होते.

२३ मार्च. ताई भांडली नाही. भांडली असती तर उत्तरे तयार होती. तिने एवढेच विचारले, की राजाच्या गोष्टीत बाबा मध्येच हसायचे ते तुला आठवतं ना. हो म्हणालो. खरे तर मी एकही गोष्ट पूर्ण ऐकलेली नाही. पेटी उघडते की नाही, एवढेच तपासले होते.

संध्याकाळी बाबा माझ्या खोलीत आले. पाठीवर हात ठेवून ओठ हलवत काहीतरी बराच वेळ सांगत राहिले. मला कळले नाही. मान डोलावली.

खर्च: सॉफ्टवेअर बाराशे. डेटावाल्याची तपासणी अठराशे. ते ताईने भरले, म्हणजे तिचे देणे. बाकी कोणाचे काही देणे नाही.