माहिती खरी असल्यास पाच मार्क

१९ ऑगस्ट १९७४, सोमवार
धोंड्याचा महिना लागला. पन्हाळ्याहून सासऱ्यांचं बोलावणं येईलच, त्यांना जावई मी एकटाच. ही नागपंचमीला माहेरी गेली ती तिथंच राहिली, पण त्यात विशेष काही नाही. पन्हाळ्याची हवा चांगली आहे. जाताना म्हणाली, तुम्हाला बायको नको, समोर गप बसणारा वर्ग पाहिजे. रागाच्या भरात माणूस काहीबाही बोलतं. मी वह्या तपासत होतो, उत्तर द्यायचं राहून गेलं.
संकल्प: पहाटे उठणे. हातानं स्वयंपाक. चौथीचे निबंध शास्त्रीय पद्धतीनं तपासणे.

२० ऑगस्ट
उठायला उशीर. भात करपला. मिसळ खाल्ली.
'म्हैस' या विषयावर अख्ख्या वर्गाचा एकच निबंध. मी गेल्या वर्षी फळ्यावर लिहून दिलेला, थोरल्या भावंडांच्या वह्यांतून खाली आलेला. गुंडूच्या गोठ्यात चार म्हशी, पण त्यानंही 'म्हैस हा एक उपयुक्त प्राणी आहे' असंच लिहिलंय. नापास करावं तर मीच नापास होतो. सगळ्यांना सहा दिले.

२२ ऑगस्ट
नवी मेथड तयार. खरी माहिती पाच मार्क, क्रम तीन, शुद्धलेखन दोन. कौतुक, उपदेश, अलंकार दिसले की मार्क कट. माहिती गल्लीत, घरात विचारून आणायची. हेडमास्तरांना दाखवली. ते म्हणाले, काय करायचं ते करा, पण आधी हजेरीपट पुरा करा. मेथड त्यांना पटलेली दिसली.

२६ ऑगस्ट, सोमवार
बोलावणं नाही. पोस्टाचा कारभार भोंगळ.
शेजारच्या बायडाबाईंनी विचारलं, वैनी कवा येणार हाईत. गौरीला येईल म्हटलं. त्या आमटीची वाटी ठेवून गेल्या. आमटी बरी होती. मला काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच फार वाटत नाही. प्रकृतीला हे चांगलंच.

२८ ऑगस्ट
उत्तम प्लॅन सुचला. शिक्षक दिनासाठी विषय: 'आमचे गुरुजी'. सगळ्यात जास्त मार्कांचा निबंध त्या दिवशी सगळ्या शाळेपुढं वाचायचा. वर्गात तसं जाहीर केलं. मग तोच पन्हाळ्याला पाठवायचा. ही वाचेल, सासरे वाचतील, गावात आपल्या जावयाला काय मान आहे ते कळेल. दोन दिवसांत बोलावणं. बोलावल्याशिवाय जावयानं जायचं नसतं, नाहीतर एस.टी.नं पन्हाळा काय लांब आहे.
पाकीट आणून ठेवलं.

२ सप्टेंबर, सोमवार
निबंध आले. ज्ञानू लिहितो, 'आमचे गुरुजी देवमाणूस आहेत.' हे मत झालं, माहिती नव्हे. कट. गुंडू म्हणतो, गुरुजी फार मायाळू. पुरावा दिलेला नाही. कट. जीव जरा हळहळला, पण नियम म्हणजे नियम.

३ सप्टेंबर
उरलेले तपासले. नियमात बसलेली माहिती अशी: गुरुजींच्या सदऱ्याला बटणाच्या जागी पिन असते. गुरुजी रोज मिसळ खातात आणि कट जादा मागतात. गुरुजी खिडकीतून बाहेर बघत बसतात तेव्हा आम्ही मागं गोट्या खेळतो. सगळं खरं निघालं. मार्क द्यावे लागले.
कुलसुमचा सर्वांत सरस. तिचे वडील नबीलाल बांगड्या विकायला पन्हाळ्याला जातात. त्यांना विचारून लिहिलंय. 'गुरुजींच्या बाईंनी पन्हाळ्यात बालवाडीत नोकरी धरली आहे. बाईंनी वेगळी खोली घेतली आहे. धोंड्याला गुरुजींना बोलवू नका असे बाईंनीच आईवडिलांना सांगितले. बाई परत येणार नाहीत. बाई बांगड्या भरताना अब्बांशी हसून बोलतात.'
पुन्हा वाचला. मत कुठंही नाही. क्रम बरोबर. एक वेलांटी चुकली आहे. साडेनऊ.
ती हसते, हे मला माहीत नव्हतं.

४ सप्टेंबर
ज्ञानूचे कापलेले मार्क परत द्यावेत का, यावर विचार केला. देवमाणूस याला आधार शोधला. सापडला नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार
कुलसुमनं सगळ्या शाळेपुढं निबंध वाचला. खणखणीत. हेडमास्तर मधेच पुरे म्हणाले. वाचू दे, असं मीच म्हणालो. शेवटी वर्गानं टाळ्या वाजवल्या. निबंध संपला की टाळ्या, ही शिस्त मी लावलेली आहे. मास्तर लोक चपला बघत होते. हेडमास्तर म्हणाले, उद्या रजा घ्या. कशासाठी ते बोलले नाहीत.
कुलसुम मागनं येऊन विचारत होती, गुरुजी, अर्धा मार्क का कापला. वेलांटी दाखवली. व्हय की, म्हणाली आणि पळाली.
संध्याकाळी पाकिटावर पत्ता घातला. निबंध काही आत घातला नाही. त्यातली सगळी माहिती तिला आहेच.