अजून नाई झालं

बाबा, आज कॉलेजच्या अंगणात एका आईनं आपल्या लेकीला प्रश्न विचारला आणि तुम्ही आठवलात. नवीन काही नाही म्हणा, दरवर्षी या दिवसांत आठवता. यंदा मात्र लिहायलाच बसले. पत्र टाकशील कुठं, असं तुम्ही आधी विचारलं असतं. ते राहू द्या.

आमचं कॉलेज तुम्हाला कधी पटलं नाही. वर्ध्याहून सेलूकडे जाताना चार कौलारू खोल्या, नाव विद्यापीठाचं, आणि अभ्यासक्रमाचा पत्ता नाही. काय शिकायचं ते पोरांनीच ठरवायचं, तीन वर्षांची आखणी स्वतः करायची, शिक्षकांनी फक्त सोबत राहायचं. "म्हंजे गिऱ्हाइकानंच कापड मापाचं न् गिऱ्हाइकानंच फाडाचं," असं म्हणालात, आणि आठवडाभर देवळीत आपल्या कापडाच्या दुकानावर ज्याला त्याला तेच ऐकवलंत. तरी आलात, कारण तिथली रीतच तशी होती. आपली आखणी अंगणात उभं राहून, घरच्या बोलीत, घरच्या एका माणसाला सांगायची. त्या माणसानं एकच प्रश्न विचारायचा. उत्तर पटलं तर अभ्यास सुरू. आणि शेवटीही त्याच माणसासमोर उभं राहायचं.

पहिल्या वर्षी त्या अंगणात मी उभी आहे. कपाशीच्या बोंडापासून कापडापर्यंत सगळं शिकीन म्हणते आहे. शेतात जाईन, जिनिंगमध्ये जाईन, सूत कातीन, रंगवीन, माग चालवीन. तुम्ही लोखंडी खुर्चीवर, टोपी मांडीवर ठेवून. मला वाटतं, आता विचारतील, यानं पोट भरन का. पण तुम्ही विचारलंत, "हे पुरं झालं म्हून सांगन कोन?" ज्यांच्या हाताखाली मी शिकणार होते त्या बाईंकडे पाहिलं, तर त्याही माझ्याच तोंडाकडे पाहून राहिलेल्या. मग मीच म्हटलं, "तुमीच सांगा." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "मंग ठरलं," म्हणालात. "मी झालं म्हटलं का घरी येजो. दुकानावर बसजो."

मी हो म्हटलं खरं, पण मला दुकानावर बसायचं नव्हतं. तुमचं चुकलं नव्हतं. मी एकटीच लेक. तुमच्या गुडघ्यांनी शिडी चढवत नव्हती, वरच्या फळीवरचे तागे तसेच धूळ खात पडले होते, आणि बसस्टँडजवळ तयार कपड्यांची दुकानं निघाली होती. तुम्हाला हाताशी माणूस हवं होतं. ते मला दिसत होतं आणि नको नको वाटत होतं.

तीन वर्षं मी वेड्यासारखी राबले. सुट्टीत घरी यायची तेव्हा तुम्ही माझी बोटं पाहायचात. "सूत तुटून राह्यलं अजून?" एवढंच. आईला म्हणायचात, "हिले खाऊ घाल, मागावर बसून वाळून गेली पोरगी." अभ्यास कुठवर आला, हे मात्र एकदाही विचारलं नाहीत.

शेवटच्या दिवशी माझं कापड तुमच्या मांडीवर आहे. साधं, न रंगवलेलं, सगळं सूत माझ्या हातचं. तुम्ही काठावर अंगठा फिरवता. मिलचा माणूस नमुने घेऊन दुकानात आला की जे करायचात, तेच इथे करता. एक धागा ओढता, काडी लावता, वास घेता, राख चिमटीत चोळता. भेसळ असली की टोकाला कडक गाठ उरते. इथे काहीच उरलं नाही. नुसती मऊ राख, ती मलाही दिसली. तुम्ही "झालं" म्हणावं म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते, आणि तुम्ही म्हणूच नये असंही वाटत होतं. तुम्ही बोटं धोतराला पुसलीत. "अजून नाई झालं," म्हणालात. "येक वर्ष राह्य."

"काय कमी आहे बाबा?"

"मले काऊन विचारतं? तूच पाह्य."

कापड काखेत मारून तुम्ही बस धरायला निघून गेलात. मी रडले. मग असा राग आला की सांगायची सोय नाही. भर अंगणात लेकीला नापास करतं का कोणी? त्या जास्तीच्या वर्षात मी नव्या पोरांना माग लावायला शिकवू लागले, बाईंनी मला ठेवून घेतलं, आणि मी तिथलीच झाले. त्याच थंडीत तुम्ही दुकानात बसल्या बसल्या गेलात.

तेराव्यानंतर आईनं कपाट उघडलं. जन्मभर टेरीकॉट विकलं आणि टेरीकॉटच घातलं तुम्ही, आणि तिथे माझ्या कापडाचा सदरा टांगलेला. कॉलर घासलेली. आई म्हणाली, "आणलं त्याच दिवशी शिंप्याकडे टाकलं त्यायनं. मी म्हटलं, नापास माल काऊन शिवता? तं म्हणे, मालात काई खोट नाई. पण झालं म्हटलं असतं तं पोरगी आपला शब्द पाळाले गल्ल्यावर येऊन बसली असती."

आणि मग तुम्ही त्याच गुडघ्यांनी शिडी चढत राहिलात.

आता अंगणातल्या त्या खुर्च्या मीच मांडते. शेवटच्या दिवशी एखादा बाप सहज "झालं बापा" म्हणून उठतो, पोरगी हसते, पेढे वाटतात. मी पेढा घेते. छान वाटतं, अगदी मनापासून.

हे पत्र तुमच्या सदऱ्याच्या खिशात राहील. थंडीत घरी तोच घालते मी, बाह्या दुमडून. एक सांगते, कोणाला बोलले नाही. तुम्ही तसं का म्हणालात ते कळून वर्षं झाली, पटलंही. तरी तुमच्या तोंडून एकदा "झालं" ऐकायचं होतं मला.